हायड्रोसिल: लाजेपायी अंगावर काढू नका

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात हत्तीरोग म्हटले की सुजलेला पाय आठवतो. अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसिल, धोतराआड राहते. माझ्या मामांनी ती आठ वर्षे लपवली. सायकल सुटली, रोवणीला बांधीत वाकणे सुटले, तरी घरात अवाक्षर नाही. शेवटी सरकारी शिबिरात शस्त्रक्रिया झाली नि काही आठवड्यांत मामा पुन्हा शेतावर जाऊ लागले.

वृषणाभोवतीच्या पिशवीत पाणी साचते, असा हा प्रकार. आपल्याकडे बरेचदा क्युलेक्स डासांतून पसरणारे हत्तीरोगाचे कृमी कारण असतात. सुईने काढलेले पाणी बहुधा पुन्हा भरते (मामांनी गुपचूप दोनदा करून पाहिले होते). हत्तीरोग निर्मूलन मोहिमेतल्या डीईसी, अल्बेंडाझोल या कृमिनाशक गोळ्या रोगाचा प्रसार रोखतात, त्या जरूर घ्या. पण मोठी झालेली अंडवृद्धी त्यांनी जात नाही, तिला शस्त्रक्रियाच लागते. तान्ह्या बाळांची सहसा वर्षभरात आपोआप ओसरते. अचानक तीव्र दुखले तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

आशाताईंशी पुरुष हे बोलायला लाजतात. पुरुष आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन विचारावे, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

— एक वाचक, जि. गडचिरोली