'तज्ज्ञांना भेटा', पण कोणत्या?

महोदय,

मानसिक आरोग्यावरच्या बहुतेक लेखांचा शेवट 'तज्ज्ञांची मदत घ्या' या वाक्याने होतो. वाचणाऱ्याची खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. शोधायला गेलं की पाट्या दिसतात: मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, थेरपिस्ट, लाइफ कोच. यांतला फरक न कळल्याने माणसं चुकीच्या दारात महिनोन्‌महिने घालवतात आणि 'समुपदेशनाने काही होत नाही' असं ठरवून मोकळी होतात.

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार या पाट्यांपैकी फक्त त्यालाच आहे, आणि त्याची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांवर काम करण्याचं खास प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांना तिथल्या नोंदवहीतला सीआरआर क्रमांक मिळतो, तो विचारण्यात गैर काही नाही. समुपदेशन मानसशास्त्रात एमए करून प्रॅक्टिस करणाऱ्यांकडे हा क्रमांक सहसा नसतो. त्यांच्यात उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत, पण तिथे चौकशी आपली आपणच करावी लागते: एमए कोणत्या विषयात, कुठून, आणि त्यानंतर कोणाच्या देखरेखीखाली किती काळ प्रत्यक्ष काम केलं. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असलं तरी ती पदवी होत नाही.

कोणाकडे आधी जायचं, हे त्रासावर ठरतं. आत्महत्येचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, किंवा रात्र-रात्र झोप नसूनही अंगात विलक्षण उत्साह असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री काहीच सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. नुसती मरगळ आणि थकवा असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. थायरॉइड मंदावल्याने आलेली उदासी कितीही बोललं तरी हटत नाही.

खासगी थेरपिस्टची, म्हणजे बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची किंवा समुपदेशकाची, वेळ घेण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलून घ्यावं. माझ्यासारख्या तक्रारीवर तुम्ही किती काम केलं आहे? कोणत्या पद्धतीने? साधारण किती सेशन लागतील? अवघड केसेसबद्दल तुम्ही स्वतः कोणा ज्येष्ठांचा सल्ला घेता का? या शेवटच्या प्रश्नाने चांगला थेरपिस्ट दुखावत नाही, कारण नियमित सुपरव्हिजन हा या कामाचाच भाग आहे. फी, सेशनची लांबी (एकट्याचं बहुधा ५० मिनिटांचं), वेळ रद्द केल्यास काय आकारणार, हेही तेव्हाच ठरवावं. परवडत नसेल तर सवलतीच्या जागा आहेत का, हे सरळ विचारावं. अनेकजण अशा जागा राखून ठेवतात. दहा-वीस सेशनचे पैसे आगाऊ मात्र भरू नयेत. जमत नाही हे बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतं, आणि भरलेल्या पैशांपायी माणूस नको तिथे जात राहतो. भाषेचाही विचार करावा. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्यालाही आईबद्दल बोलताना मराठीच लागते.

जोडप्याचं समुपदेशन हे निराळं कौशल्य आहे. एकेकट्याचं काम उत्तम करणारा माणूस दोघांना समोर बसवून गडबडू शकतो: जो जास्त बोलतो त्याच्याकडे झुकतो, किंवा पंच होऊन निकाल देतो. म्हणून जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे विचारावं. पहिली भेट बहुधा एकत्र, मग प्रत्येकाची एकेक स्वतंत्र, आणि पुढे पुन्हा एकत्र, असा क्रम असतो. सेशन ७५ ते ९० मिनिटांचं असेल तर बरं, पाऊण तासात दोघांचं म्हणणं मांडूनच होत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा स्वतंत्र भेटीत होतो. एकाने तिथे बाहेरच्या संबंधाबद्दल सांगितलं आणि 'हे तिला कळू देऊ नका' म्हटलं, तर थेरपिस्ट एका बाजूच्या गुपिताचा भागीदार होतो आणि पुढची सगळी सेशन पोकळ होतात. म्हणून अशा गोष्टींचं काय करणार, हा नियम पहिल्याच दिवशी दोघांसमोर ठरलेला हवा. नवऱ्याची किंवा बायकोची आधीपासून एकट्याची थेरपी चालू असेल, तर त्याच व्यक्तीकडे जोडीने जाऊ नये. दुसऱ्याला ते घर आधीच परकं असतं.

मारहाण, धमक्या किंवा पैशांची कोंडी असेल, तर संयुक्त सेशन घेऊच नये. तिथे बोललेल्या शब्दाची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. अशा वेळी बाईने एकटीने भेटावं, आणि अनेक पोलीस ठाण्यांत असलेल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाची मदत घ्यावी. हिंसेची माहिती ऐकूनही 'थोडं अ‍ॅडजस्ट करा' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. समलैंगिकता 'बरी करून देतो' म्हणणाऱ्याकडे तर एकदाही नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली अशा उपचाराला डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे.

गोपनीयता ही मेहेरबानी नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने ती रुग्णाचा हक्क केली आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे अपवाद आहेत, आणि बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती पोक्सो या बालसंरक्षण कायद्याखाली कळवावीच लागते. हे अपवाद पहिल्या भेटीत न सांगणारा थेरपिस्ट अर्धवट काम करतो. फी सासूबाईंनी भरली म्हणून त्यांना आत काय बोलणं झालं ते विचारता येत नाही. आपल्याकडे असे फोन येतात, आणि त्यावर थेरपिस्ट काय उत्तर देतो यावरून त्याची पारख होते.

चार ते सहा भेटींनंतर काय बदललं हे मोकळेपणाने विचारावं. बदल म्हणजे लगेच बरं वाटणंच असं नाही. कधी आधी जास्त रडू येतं. पण आपण कशावर काम करतो आहोत हे आपल्याला आणि थेरपिस्टलाही एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर न सांगता गायब होण्यापेक्षा शेवटची एक भेट घेऊन दुसऱ्याचं नाव मागावं. मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या चालू असतील तर त्या थेरपिस्टच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. ज्यांनी लिहून दिल्या, त्यांनाच विचारावं.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत ज्यांचा सल्ला छापून येतो, त्यांच्या नावाखाली 'प्रसिद्ध समुपदेशक' असं लिहिण्याऐवजी त्यांची पदवी आणि असल्यास नोंदणी क्रमांक छापावा. जागा एका ओळीचीच लागेल.

— मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारी एक वाचक, पुणे