गोकाकचा कडा लाव्हाचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील गोकाक धबधब्यावरील लेखात तेथील कड्याला ‘सह्याद्रीचा काळा पाषाण’ म्हटलेले वाचून फार वाईट वाटले. घटप्रभा नदी जिथून ५२ मीटर खाली कोसळते तो कडा वालुकाश्माचा, म्हणजे कधीकाळी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा आहे. काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. बेळगावहून पूर्वेकडे जाताना तो संपतो आणि त्याच्याखालचा, त्याहून कितीतरी पटींनी जुना, कलादगी गावाच्या नावाने ओळखला जाणारा खडक उघडा पडतो. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ सालच्या आपल्या अहवालात या थरांचे वर्णन केले आहे. दीडशे वर्षांनंतर आपल्याच भागातल्या वर्तमानपत्रात ही चूक व्हावी, हे मला पटत नाही.

मी भूगोलाचा शिक्षक होतो. एकदा मुलांना घेऊन सौंदत्तीच्या डोंगराकडे गेलो असताना खाणीच्या टाकाऊ ढिगात आम्हाला दोन हात लांबीची एक फरशी सापडली. ओढ्याच्या तळाशी वाळूवर उमटतात तशाच वळ्या तिच्यावर होत्या. प्रत्येक वळीची एक बाजू सौम्य उताराची, दुसरी उभी. उभी बाजू जिकडे, तिकडे पाणी वाहत होते, एवढे सांगताच मुलांनी बोट फिरवून प्रवाहाची दिशा स्वतःच काढली. ट्रॅक्टरमधून ती फरशी शाळेत आणली. मी निवृत्त झाल्यावर दुरुस्तीच्या कामात ती पाण्याच्या नळापाशी पायरी म्हणून बसवली गेली, तीही पालथी. मी विचारले तेव्हा “दगडच आहे तो, सर,” असे उत्तर मिळाले. आजही ती तिथेच आहे.

तो नुसता दगड नाही, त्याच कलादगीच्या खडकाचा तुकडा आहे. या खडकाच्या थरांच्या तळाशी गारगोटीचे आणि जास्पर या तांबड्या दगडाचे गोटे आहेत, म्हणजे जुन्या डोंगरांवरून जोरदार पाणी खाली येत होते. त्यावर वाळू, मग लोकापूरकडे आज सिमेंटसाठी फोडली जाणारी चुनखडी. म्हणजे हे थर जिथे साचले तो खोलगट प्रदेश खचत गेला आणि तिथे समुद्र शिरला. पुढे त्या थरांना घड्या पडल्या, ते झिजले, आणि त्यांच्यावर पुन्हा नद्यांनी जवळजवळ सपाट थर पसरले. बदामीची लेणी याच वरच्या वालुकाश्मात कोरली आहेत. त्या काळी जमिनीवर झाडे नव्हती, काठ धरून ठेवणारी मुळे नव्हती, त्यामुळे नद्या अनेक फाट्यांनी रुंद पसरून वाहत असत; वालुकाश्मातले तिरके थर जवळून पाहिले की ते वाहणे डोळ्यांसमोर उभे राहते. असे खडक खडीसाठी फुटताना पाहून जीव तुटतो.

गेल्या पावसाळ्यात आपण नवीलतीर्थ धरणाच्या छायाचित्राखाली मलप्रभेऐवजी घटप्रभा छापले होते. तेव्हाही मी पत्र पाठवले होते, पण ते छापले नाही व उत्तरही आले नाही. या वेळची दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत न उरकता त्याच पुरवणीत, कड्याच्या थरांच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रासह छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, खानापूर