पेशींची वीज आणि औषधाची ओळख

महोदय,

औषधाची चाचणी म्हटली की आपल्याला परीक्षानळी आणि उंदीर एवढेच आठवते. जिवंत पेशीतली वीज मोजूनही औषधाचा गुण ओळखता येतो, याची चर्चा मराठीत क्वचितच होते. पेशीच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमच्या आयनांसाठी, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंसाठी, सूक्ष्म दारे असतात. अशा एकेका दारातून वाहणारा अतिक्षीण प्रवाह एर्विन नेहर आणि बर्ट साकमान या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मोजून दाखवला. १९९१ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. रसायन टाकल्यावर कोणते दार मिटते, किती वेळ मिटते, यावरून त्याची जातकुळी कळते.

हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. अ‍ॅलर्जीवरचे टर्फेनाडिन झोप आणत नाही म्हणून खूप खपले. पुढे कळले, की ते हृदयपेशीतले ‘हर्ग’ हे पोटॅशियमचे दार अडवते आणि ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. पोटाच्या तक्रारींवरच्या सिसाप्राइडचा दोषही हाच. तिथे ते २००० मध्ये मागे घेतले, आपल्याकडे बंदी आली २०११ मध्ये! मधल्या काळात माझ्या दुकानातून किती पाकिटे गेली, हे आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

आता ‘हर्ग’ची चाचणी माणसांवरील प्रयोगांआधीच होते. आपल्या पुरवणीत एखाद्या संशोधकाकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त औषधविक्रेता, सांगली