वाड्याच्या करारावर सही करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाडा पाडून तिथे फ्लॅट बांधायच्या कराराचा बिल्डरने दिलेला मसुदा दोनदा वाचला. वाडा पाडायला माझा विरोध नाही, पण या मसुद्यावर सही करू नका.

आपली जागा तीन गुंठे, म्हणजे साधारण 303 चौरस मीटर. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या कामाला महारेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे पेठेत काम रखडलं की घरमालकाला आधार उरतो तो करारातल्या शब्दांचाच. मसुद्यात ‘सुपर बिल्टअप’ लिहिलंय. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं धरतात. तिथे चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, लिहून घ्या, तेही चौरस मीटरमध्ये. पर्यायी घराचं भाडं ‘ताबा देईपर्यंत’ नको, इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत हवं. नाहीतर अर्धवट इमारतीची किल्ली हातात ठेवतात आणि भाडं बंद करतात. बिल्डरला तुमच्या वतीने सह्या करायचा अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रात तुमच्या वाट्याचे फ्लॅट विकायचा किंवा गहाण टाकायचा अधिकार अजिबात नको.

त्याआधी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसात वारसनोंद करून घ्या. दोन्ही आत्यांची नावं त्यात हवीतच, हक्क त्यांचाही आहे. पाया खणल्यावर एखादा वारस कोर्टातून मनाई आणतो आणि पावसाळाभर खड्ड्यात पाणी साचतं, तसं व्हायला नको.

खालच्या चपलांच्या दुकानाची मला जास्त काळजी वाटते. भाडेकरू म्हणून 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्यांना आहे. पण वाडा पडला की जागा किती होती याचा पुरावाच राहत नाही. पाडण्याआधी टेपने माप घ्या, नकाशावर दोघांच्या सह्या करा, फोटो काढा. नवं दुकान रस्त्याकडेलाच मिळेल असं करारात लिहा. तळमजला पार्किंगला गेला की कारागीर पेठेबाहेर फेकला जातो. घराघरांतून असंच झालं तर पेठेतल्या तालमीत येणारी पोरं कुठून येणार?

शेजारच्यांशी आपली भिंत सामाईक आहे, मातीची. पाया एका दमात जेसीबीने उकरला तर ती भिंत बसेल. चार-पाच फुटांच्या तुकड्यांनी खणायचं, भिंतीला टेकू द्यायचा आणि हे काम पावसाळ्यात काढायचं नाही. गल्लीतली ड्रेनेजची लाइन चार घरांपुरती आहे. नव्या फ्लॅटचा भार तिच्यावर पडून सांडपाणी उलटं आपल्या आणि शेजारच्या न्हाणीत येईल. लाइन बदलायचा खर्च कोणाचा, हेही कागदावर हवं.

आई, पुढच्या सोप्याच्या भिंतीचा खाली फुगलेला गिलावा तू परत सिमेंटने करून घेऊ नकोस. सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही, ती वर चढते आणि आतली माती भुसभुशीत होते. तेवढा भाग खरवडून कोरडा होऊ दे, मग चुन्याचा गिलावा कर. वाडा पडेपर्यंत तुम्हाला त्याच भिंतीखाली झोपायचंय.

प्रॉपर्टी कार्डाचा उतारा मिळाला की फोटो पाठवा. वकिलांकडे जाताना तोच आधी लागेल.

तुमची,
शुभा