कॅल्सिट्रिऑल म्हणजे नेहमीचे ‘ड’ जीवनसत्त्व नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘ड’ जीवनसत्त्व म्हणजे कुणीही, कधीही घ्यावी अशी ताकदीची गोळी, हा समज इतका रुजला आहे की, कॅल्शियमचे बिघडलेले प्रमाण सांभाळण्यासाठी डॉक्टर लिहून देतात ते कॅल्सिट्रिऑलही लोक त्याच पंक्तीत बसवतात. ही गफलत मी स्वतः भोगली आहे, म्हणून हे पत्र.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम थांबले. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी रक्तातील कॅल्शियमवर नजर ठेवतात आणि त्यांच्याच संप्रेरकाच्या सांगण्यावरून मूत्रपिंड ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देते. ते संप्रेरक नसेल तर पोटात गेलेले साधे जीवनसत्त्व बऱ्याच अंशी कच्चेच राहते; म्हणून मला तयार रूपातले कॅल्सिट्रिऑल, ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा घ्यावी लागते. एकदा ती मिळाली नाही, तेव्हा ‘हेही डीच आहे, उलट जास्त ताकदीचे आहे’ असे सांगून मला आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची कॅप्सूल देण्यात आली आणि मीही ती विश्वासाने घेतली. तिसऱ्या दिवशी रक्तातील कॅल्शियम घसरून ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या. संध्याकाळी सही करताना अंगठा तळहाताकडे ओढला गेला, बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि हातातले पेन काही केल्या सुटेना.

६०,००० युनिट म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, माझ्या कॅप्सूलच्या सहा हजार पट! आकड्यांच्या तुलनेत फसायला होते ते इथेच, कारण मुळात ही दोन औषधे एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत. उलट चूकही तितकीच घातक आहे. घरातल्या कुणाचे अंग दुखते म्हणून माझ्या डबीतली कॅप्सूल त्याला दिली, तर मूत्रपिंडाचा लगाम नसलेले हे औषध कॅल्शियम भलतेच वाढवू शकते. मग सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, पुढे मूतखडा. हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्यांना तर त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ‘डी’ची नेहमीची रक्ततपासणी या जीवनसत्त्वाचे साठवणीतले रूप मोजते, कॅल्सिट्रिऑलचा परिणाम तीत दिसत नाही. त्यामुळे ‘तुमचे डी आता छान आहे, गोळ्या बंद करा’ असे आप्तांनी कितीही मायेने सांगितले, तरी माझ्यासारख्या रुग्णाने पाहायचे असते ते रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडाचे काम, आणि अधूनमधून लघवीतून जाणारे कॅल्शियमही.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे की, चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ‘कॅल्शियम सांभाळण्यासाठी, बदलून देऊ नये’ एवढे शब्द त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहावेत. आणि औषध देणाऱ्यांनी ते संपले असेल तर तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे रुग्णाला त्याच दिवशी दुसरीकडे शोध घेता येईल.

आपली नम्र,
एक वाचक