चाळणी कोणाची, हे पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात एका वाचकांचे पत्र आले होते. प्रकाशकाच्या चाळणीतून न गेलेली, लेखकाने स्वतःच छापून घेतलेली कादंबरी वाचण्यात आपण वेळ का घालवावा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. मी त्याला उत्तर देते आहे, कारण माझी एकुलती एक कादंबरी मी स्वतः प्रकाशित केली आहे, आणि तीही अकरा वर्षे नकार पचवल्यानंतर.

कोयनेच्या शिवसागर जलाशयात ज्यांची गावे बुडाली, त्यांच्यापैकी एका घराची ही गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपापासून ती सुरू होते. हस्तलिखित २०११ मध्ये पूर्ण झाले आणि सात प्रकाशकांकडे गेले. तिघांनी पोचही दिली नाही. एकांनी फोनवर सांगितले की कादंबरी हल्ली चालत नाही, चरित्र असेल तर द्या. आणखी एकांच्या मते जावळी खोऱ्यातली बोली शहरी वाचकाला झेपणार नाही, म्हणून संवाद प्रमाणभाषेत लिहून द्यावेत. ज्या आजीच्या तोंडी मी ते शब्द घातले होते, तिला प्रमाणभाषेत बोलायला लावले असते तर ती माझ्याशीच बोलायची थांबली असती. मी नाही म्हटले.

सहाव्या ठिकाणाहूनही बाड साभार परत आले. पण पहिल्या साठ पानांवर संपादकांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. एका समासात बारीक अक्षरात लिहिले होते, 'हे आजी बोलते आहे की लेखिका?' मी ते पान कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. त्यांचे म्हणणे खरे होते. त्या एका प्रश्नाने मला पुढची दोन वर्षे पुरली. शंभराहून अधिक पाने मी काढून टाकली आणि उरलेली पुन्हा लिहिली. त्या संपादकांची माझी कधी भेट झाली नाही, तरी माझी खरी चाळणी तीच होती असे मी मानते. म्हणून पत्रलेखकांच्या मताला मी वाऱ्यावर सोडत नाही. चाळणी हवीच.

परंतु ती प्रकाशकाच्या नावाबरोबर आपोआप येते, हे मात्र मला मान्य नाही. सातव्या प्रकाशकांनी कादंबरी लगेच स्वीकारली. अट एवढीच होती की छपाईचा सगळा खर्च मी द्यायचा, पुस्तकावर नाव त्यांचे आणि मला पन्नास प्रती. संपादन कोण करणार असे मी विचारले तेव्हा 'ते तुम्हीच तपासून द्या' असे उत्तर मिळाले. तो व्यवहार मी केला असता तर हेच पुस्तक, आहे त्याच चुकांसह, चाळणीतून गेलेले ठरले असते आणि कोणी शंका घेतली नसती. पैसे माझे, तपासणी माझी, मग जबाबदारीही उघडपणे माझीच का नसावी, असा विचार करून २०२२ मध्ये मी स्वतः प्रकाशक झाले.

हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि निव्वळ हौसेचेही नाही. शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, विनामूल्य मिळतो, लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. तो भाग सोपा. कस लागतो तो मुद्रितशोधनात. माझा मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेताना सगळे 'ऱ्या' बिघडले आणि कोयनेच्या 'दऱ्या' पानोपानी 'दर्या' झाल्या. खोरे पाण्याखाली गेल्याची कथा, आणि तिच्यात दरीचाच समुद्र झालेला! एका निवृत्त मुद्रितशोधकांना रीतसर मानधन देऊन मी तीन वेळा प्रुफे तपासून घेतली. सोळा पानांचा एक असे अठरा फॉर्म, म्हणजे २८८ पाने, आणि ५०० प्रती. सगळा मिळून सुमारे ८५ हजार रुपये खर्च आला. आज घरात ७० प्रती शिल्लक आहेत. विक्रेते चाळीस टक्के कमिशन कापून घेतात, त्यामुळे खर्च अजून भरून निघालेला नाही, हेही सांगायला हवे.

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणे ही काही आजची गोष्ट नाही. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांच्या महाकादंबरीचा पहिला खंड पॅरिसमधील अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९१३ मध्ये त्यांनी तो स्वखर्चाने प्रसिद्ध करवला. नाकारणाऱ्यांमध्ये नामवंत लेखक आंद्रे जीद होते, आणि पुढे त्यांनीच पत्र लिहून खेद व्यक्त केला. १९१९ मध्ये दुसऱ्या खंडाला फ्रान्सचे मानाचे गोंकूर साहित्य पारितोषिक मिळाले. मुंबईचे इंग्रजी कादंबरीकार अमीश त्रिपाठी यांची पहिली कादंबरीही प्रकाशकांनी नाकारलेली होती. २०१० मध्ये ती स्वतंत्रपणे बाजारात आली आणि खपू लागल्यावर मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती घेतली. माझे पुस्तक त्यांच्या पंक्तीत बसते असे सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. नकार देणाऱ्याच्याही हातून चूक होते, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

आपल्याकडे मात्र अशा पुस्तकांची वाट दारातच अडते. माझ्या तालुक्यातील एका ग्रंथालयाने प्रत भेट म्हणून आनंदाने ठेवून घेतली, पण खरेदीच्या यादीत ती बसत नाही असे सांगितले, कारण प्रकाशकाच्या जागी लेखिकेचेच नाव होते. ग्रंथपालबाईंनी पुस्तक वाचले होते आणि त्यांना ते आवडलेही होते. त्यांचाही नाइलाज होता.

आपल्याला माझी विनंती आहे ती परीक्षण लिहिण्याची नव्हे. परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकांतून निवड करताना प्रकाशकाचे नाव पाहण्याआधी कोणतीही दहा पाने वाचली जावीत. ज्यांनी मुद्रितशोधन केलेले नाही, ज्यांची वाक्ये जागेवर नाहीत, ती पुस्तके त्या दहा पानांत आपोआप बाजूला पडतील. ती माझी असली तरी पडू द्यावीत. प्रथेप्रमाणे दोन प्रती वेगळ्या टपालाने पाठवत आहे. पत्रलेखकांची हरकत नसेल तर त्यातील एक त्यांच्याकडे पोहोचवावी. बोली कुठे अडली, हे त्यांच्याकडून कळले तर दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मला उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक कादंबरीलेखिका
कराड, जि. सातारा