राउटर घेण्याआधी भिंती मोजणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

माजघरातली माझी गणिताची शिकवणी आता अडखळत नाही. आप्पांना परदेशातल्या लेकीशी बोलायला ओसरीवर येऊन बसावं लागत नाही, आणि माडीवर मुलीचा अकरावीचा अभ्यास सुरळीत चालतो. एवढं सांगायला एक फोन पुरला असता. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते नवीन राउटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे उघडं पत्र लिहिते आहे.

"घरासाठी कुठला राउटर घेऊ?" असं विचारलं की लोक मॉडेलचं नाव सांगतात. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "ताई, भिंती कसल्या आहेत?" वाईतलं जुनं घर आमचं. खाली दगड-मातीच्या भिंती, त्याही हातभराहून जाड. वरची माडी नंतर बांधलेली, तिथे स्लॅब. फायबर ओसरीत उतरते आणि कंपनीने दिलेला वायफायचा डबा तिथेच भिंतीला लावलेला. तुम्ही वहीच्या पानावर घराचा नकाशा काढलात आणि कोण कुठे बसून काय करतं ते एकेका खोलीत लिहून घेतलंत. आप्पांनाही विचारलंत, कारण घरात मोबाइलची रेंज नाही आणि त्यांचे सगळे कॉल वायफायवरूनच होतात, हे मी सांगायची राहिले होते.

मग लॅपटॉप थेट केबलने डब्याला जोडून स्पीड बघितलात. आमच्या प्लॅनचे १५० एमबीपीएस (इंटरनेटचा वेग मोजायचं माप) पुरेपूर मिळत होते. ओसरीत फोनवरही जवळपास तेवढेच. वायफाय दोन पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. माजघराचा उंबरा ओलांडला की मात्र ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसेनासं व्हायचं आणि २.४ चं रडतखडत चालायचं. "लाइन चांगली आहे, भिंत आडवी येतेय. प्लॅन वाढवून काही होणार नाही," तुम्ही म्हणालात. दादा, तुम्ही केबलच्या ऑफिसातच काम करता. मोठा प्लॅन माझ्या गळ्यात मारला असतात तरी मला कळलं नसतं, उलट मी आनंदाने पैसे भरले असते. या एका वाक्याबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून त्यातल्या त्यात लांब जातात, पण वेग कमी असतो आणि शेजारपाजारच्या वायफायची गर्दीही तिथेच, कारण त्या बँडमधले एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे लहरींचे मार्ग, तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झला वेग भरपूर, पण जाड भिंतीपुढे ते हात टेकतं. हे समजल्यावर दुकानातल्या सहा-आठ अँटेनांच्या राउटरचं आकर्षण आपोआप ओसरलं. किती ताकदीने लहरी सोडायच्या यावर सरकारी मर्यादा आहे, ती अँटेना वाढवून वाढत नाही. आणि राउटर कितीही जोरात बोलला तरी आतल्या खोलीतल्या फोनचं क्षीण उत्तर त्याच्यापर्यंत परत यायला हवं ना!

मी रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, सुचवलं, तेव्हा तुम्ही शांतपणे समजावलंत की साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो ठेवायचा तिथे मुळात चांगला सिग्नल पोचला पाहिजे, आमच्याकडे तोच पोचत नव्हता. तुमचा उपाय साधा होता: ओसरीतून माजघरात एक कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल ओढायची आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर बसवायचा. तुळईच्या कडेने केबल इतकी सफाईने नेलीत की आलेल्या पाहुण्यांना ती दाखवावी लागते.

राउटर निवडतानाही काय हवं याची यादी तुम्ही नकाशावरूनच केलीत. दोन्ही बँड हवेत, कारण आमचा जुना प्रिंटर फक्त २.४ वरच चालतो. सगळे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) हवेत. हे मला कधीच सुचलं नसतं. स्वस्तातल्या कित्येक राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, म्हणजे १५० चा प्लॅन घेऊनही वरचे ५० दारातच अडले असते. ॲक्सेस पॉइंट मोड हवा, म्हणजे नवा राउटर फक्त वायफाय पसरवतो, प्रत्येक फोन-लॅपटॉपला नेटवर्कचा पत्ता वाटायचं काम ओसरीतला डबाच करतो आणि सगळं घर एकाच नेटवर्कवर राहतं. नाहीतर दोन वेगळी नेटवर्कं होऊन माजघरातल्या लॅपटॉपला ओसरीतला प्रिंटर आपोआप सापडत नाही आणि ओसरीतल्या फोनला माजघरातलं काही दिसत नाही, असा घोळ झाला असता. डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी, जास्त भक्कम सुरक्षा हवी, आणि कंपनी त्या मॉडेलला फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट देते का तेही बघायचं.

वायफायची सहावी पिढी, म्हणजे वायफाय ६ पुरे, त्यापुढच्या ७ ची आम्हाला गरज नाही, हेही तुम्हीच ठरवायला मदत केलीत. आमच्या फोनांमध्ये ७ नाहीच, मग त्याचे पैसे कशाला? खोक्यावरचा 'एएक्स १५००' (एएक्स म्हणजे वायफाय ६) हा आकडा कसा वाचायचा ते ऐकून तर मी थक्क झाले. एका बँडचे १२०१ आणि दुसऱ्याचे ३०० एमबीपीएस यांची ती साधारण बेरीज, आणि एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच बँडवर असतो. गणित शिकवते मी, तरी ती बेरीज कुणीतरी उलगडून दाखवावी लागली. हार्ड डिस्क जोडायचा यूएसबी पोर्ट, गेमिंगच्या सोयी, तिसरा बँड या सगळ्यांवर तुम्ही काट मारलीत. शिकवणीच्या व्हिडिओला चार-पाच एमबीपीएस पुरतात, ते अखंड मिळायला हवेत, हे तुमचं म्हणणं रोज पटतं.

विजेचं तुम्ही स्वतःहून काढलंत. पावसाळ्यात इकडे लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत होतं. दोन्ही ॲडाप्टर उलटून बघितलेत, दोन्ही १२ व्होल्टचे, आणि तेवढ्याच व्होल्टचे, ॲम्पियरमध्ये कमी न पडणारे छोटे यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणारे बॅटरीचे डबे, घ्यायला सांगितलेत. फक्त राउटरला लावून भागत नाही, ओसरीतला डबा बंद पडला तर इंटरनेटच येत नाही, म्हणून दोन घ्यायचे. जुलैत धो धो पाऊस, गावात अंधार, आणि माझी शिकवणीची मुलं स्क्रीनवर वर्गसमीकरणं सोडवत होती, तेव्हा तुमची फार आठवण झाली.

जाताना डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता वायफायला जोडायची सोय, बंद केलंत, राउटरच्या सेटिंग बदलायचा, कारखान्यातून आलेला ॲडमिनचा पासवर्ड बदलायला लावलात, तो टाइप करताना पाठ फिरवून उभे राहिलात, आणि शिकवणीला घरी येणाऱ्या मुलांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वायफाय, वेगळं करून दिलंत. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलात, म्हणून आप्पांना कुठल्याही खोलीत काही बदलावं लागत नाही. त्यांनी तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत.

आमच्या शेजारच्या काकूंनाही आता राउटर घ्यायचा आहे. मी त्यांना घराचा नकाशा काढून ठेवायला आणि आधी केबल लावून स्पीड बघायला सांगितलं आहे. येत्या रविवारी जमलं तर या. आमच्याकडे तुम्ही केबलच्या पैशांवर एक रुपया घेतला नाहीत, पण काकूंकडून मजुरी घ्यायची, आणि आमची राहिलेलीही. ती मी पाकिटात घालून ठेवली आहे.

तुमची,
शिकवणीवाली ताई, वाई